दोन रक्तांच्या मधला अर्धा तास

रेजिन मासळीचा लिलाव बंद करायची तेव्हा ओरडायची नाही. टोपलीच्या काठावर बोटाचं पेर दोनदा आपटायची. टक टक. झालं. त्यानंतर कोणी कितीही वर चढायला तयार असो, तोंड उघडायची सोय नव्हती. एकदा एका नव्या व्यापाऱ्यानं उघडलं. रेजिन त्याला म्हणाली, "चर्चात मिस्सा संपल्यावर घंटा नको वाजवू. घरी जा." वसईच्या पाचूबंदरावर त्याचं नाव घंटा पडलं ते पडलंच.

ती माझी बायको. गेल्या उपवासकाळात गेली. चर्चच्या अंकासाठी आईबद्दल चार ओळी द्या, असं सून म्हणाली. मी चौथीतून होडीवर गेलेला माणूस. कमी लिहायला जास्त अक्कल लागते, ती माझ्याकडं नाही. आणि ‘प्रेमळ, मनमिळाऊ’ वगैरे मी लिहिणार नाही. रेजिन मनमिळाऊ नव्हती. शेजारणीशी भांडली तर आधी तिच्या पोरांना जेवायला बोलवायची आणि मग भांडायची, म्हणजे मध्ये उठायला नको.

मी जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. होडीचा मालक तो नाखवा. मी मालक कधी झालो नाही, होडी हाकणारा तांडेलसुद्धा नाही. पण ती मला नाखवाच म्हणायची, तेही चारचौघांत. "ओ नाखवा, तेवढी पाटी उचला." बंदरावरचे हसायचे. मी पाटी उचलायचो.

तिला बंद जागा सोसत नसे. आमचं घर एका खोलीचं. ती उंबऱ्याकडं डोकं करून झोपायची आणि दार सताड उघडं. थंडीत मी कुडकुडायचो. कुत्रं येऊन तोंड हुंगून गेलं तरी दार लावू द्यायची नाही. म्हणायची, "मेल्यावर पेटीत घालनारच ना तुमी? मग आतापासून कशाला?" कन्फेशनच्या खोपटात जायचं म्हटलं तरी तिला घाम फुटे. पापं भराभर सांगून बाहेर यायची. फादर एकदा मला म्हणाले, तुझी बायको पापांचाही लिलाव करते.

दुसरी खोड मिठाची. खारवायच्या मासळीच्या पिंपातून जाता येता खडा उचलायचा आणि साखरेसारखा चघळायचा. कोणी बोललं तर तिचं ठरलेलं उत्तर होतं. पूर्वी बाप्तिस्म्याच्या वेळी फादर बाळाच्या जिभेवर मीठ ठेवत. "ते माज्या जिभेवर ठेवलं तवा मी रडले नाय, आनखी मागितलं. आयेला विचारा." आई तर कधीच गेलेली. विचारणार कोणाला?

आता वाटतं, ती खोड नव्हतीच. पण आमच्या घरात मीठ म्हणजे वाळूसारखं. कोण किती खातो ते कोण बघतो?

धाकटा पोरगा चालायला लागला त्या सुमाराला ती वाळायला लागली. बंदरावरच्या सगळ्या होड्यांना अजून मशीनं लागली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आधी लुगडं सैल झालं, मग बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. आणि ती काळी पडत चालली. उन्हात बसणारी बाई काळी होणारच, असं सगळे म्हणाले. पण ऊन हिरड्यांवर कसं पडेल? तळहाताच्या रेघा काळ्या झाल्या, कोणी पेन्सिलीनं ओढाव्यात तशा. अंगठ्यावर कोयतीची जुनी खूण होती, ती गोरी होती तीसुद्धा काळी झाली. माझी आई म्हणाली, कोणीतरी केलंय. शेजारीण म्हणाली, पोटातला जंत आहे. एका डॉक्टरनं टॉनिक दिलं, दुसऱ्यानं ताकदीची इंजेक्शनं. रेजिन सकाळी उठायची आणि भिंत धरून उभी राहायची. मी विचारलं की म्हणायची, "भिंत पडते का बघते."

मग एक दिवस ती लिलावात पालथ्या टोपलीवर बसली. रेजिन बसून लिलाव करते, हे बघायला माणसं गोळा झाली. तिनं बोली चढवली, पेर दोनदा आपटलं, आणि सुरमईच्या ढिगावर आडवी झाली.

वसई गावात तेव्हा एक तरुण डॉक्टर नवीन आले होते. दवाखाना, आणि मागं दोन खाटांचं इस्पितळ. चष्मा जाड, डोळे बाहेर आल्यासारखे. रेजिननं पहिल्याच दिवशी त्यांना चिंबोरी, म्हणजे खेकडी, असं नाव ठेवलं. त्यांनी तिचा हात उलटा करून रेघा बघितल्या. ओठ वर करून हिरड्या बघितल्या. आधी झोपवून आणि मग उभं करून ब्लडप्रेशर घेतलं. मग हळूच विचारलं, "मीठ खावंसं वाटतं का हो?"

रेजिन माझ्याकडं वळली. "तुमी सांगितलं?"

मी चकार शब्द काढला नव्हता. ती दवाखान्यातून निघताना म्हणाली, "चिंबोरीला दिसतं बरं."

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते मी माझ्या अकलेनं सांगतो. मूत्रपिंडावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या एक रस रक्तात सोडतात. त्या रसावर माणूस उभा राहतो. ताप आला, मार लागला, भीती वाटली, की त्या जास्त रस सोडतात. तिच्या ग्रंथी मेल्या असाव्यात असा त्यांना संशय होता, बहुतेक जुन्या क्षयानं. पण संशयावर गोळी सुरू करायची नाही. कारण ग्रंथी जिवंत असल्या आणि बाहेरून रस दिला, तर त्या आळसावून झोपतात. आणि खरंच मेल्या असल्या तर गोळी जन्मभर, एक दिवस चुकवायची नाही. म्हणून आधी खात्री. एकदा रक्त घ्यायचं. मग एक इंजेक्शन द्यायचं, ते ग्रंथींना उठवतं. मग तासाभरानं पुन्हा रक्त. दोन्ही रक्तांतला रस मुंबईच्या मोठ्या लॅबमध्ये मोजायचा.

मी नुसती मान हलवत होतो. रेजिन म्हणाली, "म्हंजे लिलाव. पयली बोली लिहून घ्यायची. मग हाळी द्यायची. मग बघायचं, बोली चढते का."

डॉक्टर म्हणाले, "बरोबर."

"आनि नाय चढली तर?"

"तर समोर गिऱ्हाईकच नाही."

ते इंजेक्शन तेव्हा इथं मिळत नव्हतं. डॉक्टरांच्या मुंबईच्या मित्रानं परदेशातून आलेलं एक मिळवून दिलं. एकच. सकाळी त्यांनी रक्त घेतलं, इंजेक्शन दिलं, तास गेल्यावर पुन्हा घेतलं. दोन नळ्या थर्मासमध्ये घालून कंपाउंडरनं मुंबईला न्यायच्या होत्या. गार राहायला हव्यात म्हणून बर्फ हवा. बर्फ म्हटल्यावर आम्हाला बस्त्याव आठवला.

बस्त्याव रेजिनचा चुलतभाऊ, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात बर्फ फोडायचा. अंगानं रेड्यासारखा आणि रेजिनसमोर कोकरू. त्याला सांगितलं, तुझ्या बायचं रक्त मुंबईला जायचंय, चांगला बर्फ दे. त्यानं आपल्या परीनं सगळ्यात चांगला दिला. आमच्याकडं साध्या मासळीला नुसता बर्फ घालतात. लांब जाणाऱ्या भारी पापलेटाच्या बर्फात मात्र मूठमूठ मीठ टाकतात, गारवा कडक धरतो. बस्त्यावनं बायच्या रक्ताला पापलेटाचा बर्फ दिला. वर आणखी एक मूठ, घरची म्हणून.

कंपाउंडर हात हलवत परत आला. मिठाच्या बर्फानं नळ्यांमधलं रक्त गोठून दगड झालं होतं आणि वितळल्यावर फुटलं होतं. लॅबवाल्यांनी हातात धरून बघितलं आणि म्हणाले, हे मोजता येत नाही.

बस्त्याव आमच्या दारात बसून ढसाढसा रडला. गल्लीतली माणसं जमली. रेजिन खाटेवरून म्हणाली, "उठ रे. मना पापलेट समजलास. नवऱ्यानं कदी बोंबलाच्या वर नेली नाय."

सगळे हसले. मीही हसलो. पण आता दुसरं इंजेक्शन येईपर्यंत थांबायचं होतं, आणि ते कधी येईल ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

ते दिवस मला अजून छातीवर बसल्यासारखे वाटतात. जिच्यानं ती उभी राहील ती गोळी डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात होती. तिनं स्वतः बघितली होती. एकदा ती त्यांना म्हणाली, "गोळी खनात हाय. मी हितं हाय. मधी काय हाय?"

"मधी तपासणी आहे."

"ती तर फुटली."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मीठ खा. हवं तेवढं खा. चक्कर आली, उलटी झाली, तर तशीच माझ्याकडं आणा. मग मी तपासणी बघत बसणार नाही."

होडीवर जायचं मी बंद केलं. ती उठू शकत नव्हती. खाट आम्ही दाराशी आणून ठेवली होती. समोरच्या भिंतीच्या वर हाताएवढं आभाळ दिसायचं. ती त्याच्याकडं बघत खडा चघळत पडायची. बंदरावरून लिलावाचा गलका आला की तिची बोटं चादरीवर हलायची. दुसरीच बाई आता लिलाव लावायची. रेजिन ऐकून म्हणायची, "लवकर सोडला. आनखी चढला असता." मग कूस बदलून भिंतीकडं तोंड करायची. दार उघडं असून ती कोंडलेली होती. मी तिथंच बसून जाळं विणायचो, आणि विणलेलं पुन्हा उसवायचो.

इंजेक्शन आल्याचा निरोप आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. बस्त्यावनं तिला उचलून मासळीच्या टेम्पोत ठेवली आणि आम्ही वसईत आलो. टळटळीत दुपार. इस्पितळाच्या मागच्या खोलीत दोन खाटा, आणि एक खिडकी. खिडकीला रंग देणाऱ्यानं फटीसकट रंग फासला होता, ती उघडत नव्हती. रेजिनला त्या खोलीत ठेवताना मला पहिल्यांदा तिची भीती दिसली. आजाराची नाही. खोलीची.

डॉक्टरांनी बाटली लावली. तिनं विचारलं, हे काय? ते म्हणाले, सलाइन. मिठाचं पाणी.

"शेवटी माज्याच औषधावर आलात," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की आम्हाला वाकून ऐकावं लागलं.

त्यांनी रक्ताची पहिली नळी भरली. ते आलेलं इंजेक्शन दिलं. मग ब्लडप्रेशर बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ट्रेमध्ये दुसरी सिरिंज भरून झाकून ठेवली होती. त्यात होता तिच्या अंगात नसलेला रस. त्यांनी ती उचलली. म्हणाले, "राहू दे तपासणी. मी आता हे देतो."

रेजिननं हात आखडून घेतला. "आता दिलंत तर मागून कळंल?"

"पुढं कधीतरी बघू. तेव्हा गोळी थांबवावी लागेल."

"आनि परत हीच गत?"

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

"मंग नाय," ती म्हणाली. "जन्मभराचं हाय ना? मना कळाया पायजे कशासाठी. किती थांबायचं?"

"तास."

मी म्हणालो, "डॉक्टर, द्या तुम्ही. तिचं काय ऐकता?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास. अर्ध्या तासाचं रक्तही चालतं. त्याच्यावर एक मिनिट नाही. आणि मधे प्रेशर आणखी पडलं तर मी तुम्हाला विचारणार नाही."

रेजिननं खाटेच्या लोखंडी दांड्यावर पेर दोनदा आपटलं.

मला त्या अर्ध्या तासाबद्दल नीट सांगता येणार नाही. डॉक्टर तिच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडं बघत बसले. झाकलेली सिरिंज त्यांच्या हाताशी. खोलीत हवा नव्हती. मी नखांनी खिडकीच्या फटीतला रंग खरवडत होतो. डॉक्टर म्हणाले, "त्यांना झोपू देऊ नका. बोलत राहा."

मी काय बोलणार? होडीवर आम्ही दिवसेंदिवस बोलत नाही.

"लिलाव लावा," रेजिन डोळे मिटून म्हणाली.

"मला नाय येत."

"बायको चाललीय आनि तुमाला लाज वाटते?"

मग मी लावला. "पापलेट! पापलेट घ्या पापलेट! आजची, ताजी!" माझा आवाज शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा निघाला. दारात नर्स येऊन उभी राहिली.

"असं वराडलात," रेजिन म्हणाली, "तर मेलेली मासळी पान्यात परत उडी मारंल."

"मग तू बोल ना."

तिनं दोन बोटं वर केली. म्हणजे बोली. मी चढवली. तिनं तीन केली. डॉक्टर घड्याळावरून नजर न काढता म्हणाले, "माझे चार."

रेजिनचा एक डोळा उघडला. "चिंबोरीनं पापलेट खायचं? उलटी दुनिया."

"चिंबोरी कोण?" डॉक्टरांनी विचारलं. नर्स तोंडावर पदर धरून बाहेर पळाली. त्या खोलीत आम्ही हसलो ते तेवढंच.

मग बोटं वर येईनाशी झाली. मी चढवत होतो, कोणी घेत नव्हतं. "पापलेट... कोण घेणार... घ्या हो कोणीतरी..." मी त्या बंद खोलीत एकटाच ओरडत होतो. तिचं कपाळ थंडगार आणि ओलं झालं होतं. डॉक्टरांनी सिरिंजवरचं फडकं काढलं. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी घड्याळाकडं. ते उठले, तिच्या हाताची शीर शोधू लागले, मिळेना, पुन्हा शोधली. दुसरी नळी भरली. आणि त्याच सुईतून लगेच तिचा रस आत सोडला. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते मला म्हणाले, "आता ओरडू नका. आता झोपू दे."

तेव्हा कळलं, मी अजून पापलेट विकत होतो.

या वेळी थर्मास घेऊन बस्त्याव स्वतः मुंबईला गेला, कंपाउंडरसोबत. बर्फाचा प्रत्येक तुकडा त्यानं घालायच्या आधी चाटून बघितला, मीठ नाही ना. नळ्या कापडात गुंडाळल्या. येईपर्यंत त्याची जीभ बधिर झाली होती, दिवसभर बोबडा बोलत होता.

रेजिन संध्याकाळी उठून बसली. दुसऱ्या दिवशी पेज मागितली. तिसऱ्या दिवशी पेजेत मीठ कमी आहे म्हणून नर्सशी भांडली. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसलो. 

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही आकडे वाचून दाखवले. आधीचा अगदी कमी. इंजेक्शननंतरचा जवळजवळ तेवढाच.

"म्हंजे हाळी दिली आनि कोनी बोललंच नाय," रेजिन म्हणाली.

"नाही बोललं."

तिनं आपला तळहात बघितला. मग हात पुढं केला. "आना गोळी."

लोक म्हणायचे, सुटली. मला तसं वाटलं नाही. गोळीला ती जेलर म्हणायची. "जेलर आला?" सकाळी पहिला प्रश्न हाच. रंग उजळला, अंग भरलं, लिलावाला पुन्हा उभी राहू लागली आणि घंटाला पुन्हा दम देऊ लागली. पण पदराच्या गाठीत कायम गोळ्या. माझ्या होडीवरच्या पिशवीत गोळ्या. बस्त्यावच्या कारखान्यात फळीवर गोळ्या. ताप आला की दुप्पट. बहिणीकडं लग्नाला जायचं तर आधी गोळ्या मोजायच्या, मग बांगड्या भरायच्या. गुड फ्रायडेला फादर आणि डॉक्टर दोघांनी उपास करू नको म्हणून सांगितलं. सगळं बंदर उपाशी, आणि ही चर्चच्या मागच्या भिंतीआड उभी राहून गोळीसोबत पाव खायची, पाठ करून. कोणी बघितलं तर म्हणायची, "तुरुंगातला भत्ता हाय. बघता काय?" घरी येऊन बोलायची नाही. 

एकदाच म्हणाली. दोघं बंदरावर जाळं सुकवत होतो. "तवा नाय म्हनले नसते आनि डॉक्टरनं तशीच गोळी दिली असती," ती म्हणाली, "तर मी केव्हाच थांबवली असती. चार दिवस बरं वाटलं की फेकली असती पान्यात. मना ठावं हाय मी कशी ती." मग जाळं झटकलं. "त्या दोन आकड्यांनी बांधलं मना."

अशी ती जगली. पोरं मोठी झाली, नातवंडं झाली, बस्त्याव गेला. डॉक्टरही म्हातारे होऊन मुलाकडं निघून गेले. आम्ही विरारला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. वरचा मजला. दार लावूनच घ्यावं लागतं. ती बाल्कनीच्या दाराशी डोकं करून झोपायची.

शेवटी हृदय थकलं. नवीन इस्पितळ, मोठं, खिडक्या नुसत्या काचेच्या, उघडायची सोयच नाही. नव्या डॉक्टरांनी तिचा जेलर चालू ठेवला आणि मीठ बंद केलं. अंगावर सूज होती. मीठ नाही म्हणून ती जेवेना. मग जेवायची वेळच उरली नाही.

त्या सकाळी फादर आले. तेल लावलं, प्रार्थना म्हटली, तिच्या जिभेवर ख्रिस्तप्रसादाचा तुकडा ठेवला. तिनं गिळला. फादर गेले. सून डोळे पुसत बाहेर गेली.

रेजिननं तोंड उघडंच ठेवलं होतं.

मी जवळ गेलो. डोळे माझ्याकडंच होते. खिशात मी दोन दिवसांपासून कागदात एक खडा बांधून फिरत होतो, बंदरावरच्या पिंपातला, जाडा, ओलसर. तो तिच्या जिभेवर ठेवला. तिनं तोंड मिटलं. गालात फिरवला.

मी म्हणालो, "आणखी आणतो. थांब. मी आत्ता..."

तिनं खाटेच्या दांड्यावर पेर दोनदा आपटलं.

मग मी पुढं काही बोललो नाही.